साहेबांची बदली

६ जानेवारी, सोमवार

आजपासून मला तास नाहीत!

सकाळी मोठ्या बाईंनी बोलावलं. मुख्याध्यापिकेच्या खुर्चीतून त्या एरवी "बसा" म्हणत नाहीत. आज म्हणाल्या. तेव्हाच कळायला हवं होतं. संस्थेने नवीन पद काढलंय — शालेय वातावरण समन्वयक. मुलांना आणि शिक्षकांना शाळेत यावंसं वाटलं पाहिजे, कुणी कुणाला घाबरता कामा नये, कुणी कुणाचा पाणउतारा करता कामा नये, आणि हे सगळं दर शुक्रवारी एका कागदावर आलं पाहिजे. "तुमचीच निवड केली मी. भूगोल शिकवता ना? वातावरण तुमचाच विषय." मला वाटलं विनोद केला. हसले. त्या हसल्या नाहीत. मग मीही थांबले.

फेब्रुवारीअखेरपर्यंत करून बघायचं. मग लेखी द्यायचं — हे पद कायमचं, की परत वर्गावर. तोवर माझे तास एक तात्पुरती मुलगी घेणार.

नाही का म्हटलं नाही? दिवसभर स्वतःला विचारतेय. खरं कारण लिहून टाकते, इथे कोण वाचतंय — बरं वाटलं! सतरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं, "तुम्ही माणसं सांभाळता."

गणितवालीला सांगितलं. ती आणि मी एकाच वर्षी लागलो, तेव्हापासून शिक्षकखोलीत शेजारी बसतो. (गेल्या वर्षी हट्टाने माझी जागा घेऊन मला दुसऱ्या बाजूला बसवलं — उजेड येतो म्हणे.) उत्तर बरोबर असून एकक लिहिलं नाही म्हणून अर्धा मार्क कापणारी बाई. फळ्यावर तिचं उत्तर चुकलेलं कुणी पाहिलेलं नाही.

"म्हणजे तू करायचं काय?"

"मुलांना आनंद वाटेल असं काहीतरी."

"मग सुट्टी जाहीर कर."

८ जानेवारी, बुधवार

मी नक्की कोण, हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे असं कॉलेजात वाटायचं. तो मस्टरचा आहे. क्लार्कने दोन्ही पानं उलटून पाहिली — शिक्षक, शिक्षकेतर. "बाई, तास नाहीत म्हणजे तुम्ही इकडे नाही. पगार शिक्षकाचा, म्हणजे तिकडेही नाही." शेवटी तिसरं पान उघडलं, वर लिहिलं 'इतर'. त्या पानावर मी आणि महिन्यातून एकदा पाण्याची टाकी धुणारा. सही केली. त्याची सही माझ्यापेक्षा देखणी आहे.

शिपाईमामांचाही गोंधळ. मधल्या सुट्टीत माझा कप घेऊन दारात उभे.

"तुमचा चहा इथे ठेवू की ऑफिसात?"

"इथेच ठेवा की मामा. रोज कुठे ठेवता?"

"रोजचं वेगळं. मोठ्या बाई म्हणाल्या, आता तुम्ही सगळ्यांच्या."

शेवटी कप खिडकीत ठेवला. सगळ्यांच्या माणसाचा चहा गार झाला.

१० जानेवारी, शुक्रवार

एक घोळ केला. मीच केला, म्हणून नीट लिहिते.

समन्वयकाला खोली हवी. मोठ्या बाईंनी विचारलं, "कुठली खोली वापरात नाही?" मी प्रामाणिकपणे विचार केला आणि प्रामाणिकपणे सांगितलं — नकाशाखोली. कागदोपत्री ती वापरात नाहीच!

व्हरांड्याच्या टोकाची ती अंधारी खोली. गुंडाळलेले नकाशे, अर्धा पृथ्वीगोल, आणि प्रयोगशाळेने टाकून दिलेला प्लास्टिकचा सांगाडा, एक हात नसलेला. त्याला आम्ही साहेब म्हणतो. मी नोकरीला लागले तेव्हाही ते साहेबच होते. ज्याला कुणाला असह्य होईल त्याने मधल्या सुट्टीत कप घेऊन तिथे जायचं, पालथ्या खोक्यावर बसायचं आणि काय असेल ते साहेबांना सांगायचं. एकमेकांना नाही — साहेबांना! बाकीच्यांनी आपापल्या कपात बघायचं. "अगं जाऊ दे" म्हणायचं नाही. "मी तुझ्या जागी असते तर" मुळीच नाही. बोलून झालं की "येते साहेब" म्हणून तासाला निघून जायचं. बाहेर त्याचा विषय काढायचा नाही. पीटीचे सर, ज्यांची हाक मैदान ओलांडून रस्त्यावर जाते, तिथे एकदा हुंदके देऊन रडले. दुसऱ्या दिवशी त्यांना कुणी "बरं वाटतंय ना?" एवढंसुद्धा विचारलं नाही. साहेबांनी कधी कुणाला सल्ला दिला नाही, म्हणून सगळ्यांचं त्यांच्याशी पटायचं.

ती खोली आता 'संवाद कक्ष'. मधल्या सुट्टीत गणितवाली कप घेऊन गेली तर आत रंगारी! तशीच माझ्याकडे आली.

"साहेब कुठेत?"

"प्रयोगशाळेच्या अडगळीत हलवलेत."

"कुणी?"

मी कपातली साय बाजूला करत राहिले.

"साहेबांची बदली केलीस तू?"

हसत म्हणाली. पण चहा तसाच ठेवून गेली.

१६ जानेवारी, गुरुवार

कक्ष तयार. भिंती फिकट हिरव्या, गुबगुबीत उशा, टिश्यूपेपरचा डबा, साहेबांच्या जागी कुंडी. दारावर पाटी — 'इथे तुमचं ऐकलं जातं.' कुणी आलं नाही. नाही, मामा आले. टिश्यूसाठी. ऑफिसात प्रिंटरची शाई सांडली होती.

दुपारी बाहेरून बोलावलेला प्रशिक्षक. सगळ्या शिक्षकांना वर्गात बसवलं. हा माणूस इतका हळू बोलतो की त्याच्या शेजारच्या पंख्याला जास्त व्यक्तिमत्त्व आहे. मला उभं करून म्हणाला, "तुम्ही आता शिक्षिका नाही. तुम्ही थर्मामीटर आहात."

"मग ताप उतरवायचा कुणी?"

"थर्मामीटर प्रश्न विचारत नाही."

मग सगळ्यांकडून एक वाक्य घोकून घेतलं — "मला असं ऐकू येतंय, की तुम्हाला..." पुढे समोरच्याची भावना भरायची. गणितवाली पुढच्या बाकावर बसून त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होती आणि दर वाक्याला, "काय म्हणालात?" परत, "काय म्हणालात?" तिसऱ्या वेळी अख्खा वर्ग तोंडावर वही धरून हसत होता. फिरकी घ्यावी तर हिनेच!

मी हसले नाही. मी थर्मामीटर. (मनात हसले.)

१७ जानेवारी, शुक्रवार

घरी सराव. नवरा म्हणाला, भाजीत मीठ नाही. मी म्हटलं, "मला असं ऐकू येतंय, की तुला दुर्लक्षित वाटतंय."

"मला मीठ हवंय."

लेक ताटावरून म्हणाली, "आई, प्लीज नेहमीसारखी ओरड. हे फार भयंकर आहे."

२२ जानेवारी, बुधवार

रोज फेरी मारते. निरीक्षण: मी जिथे जाते तिथलं वातावरण उत्तम असतं!

मैदानावर पीटीचे सर मला बघून मुलांना म्हणाले, "बाळांनो, जमलं तर धावाल का?" मुलं धावेनात. एका मुलीने त्यांना विचारलं, सर, घरी सगळं ठीक आहे ना?

वर्गांनी तर खूणच ठरवलीय. मी व्हरांड्यात दिसले की कुणीतरी कंपासपेटी पाडतं. खण्ण! लगेच आतून "थँक्यू", "सॉरी", "आधी तू घे". आज दोघं एकमेकांची कॉलर धरून एकमेकांना सॉरी म्हणत होते.

आणि शिक्षकखोली. मी आत पाऊल टाकलं की सगळ्यांना एकदम वह्या तपासायच्या असतात. गणितवाली तेवढी बोलते, पण तीही तुटक. आज तीनदा हाक मारली तेव्हा वर बघितलं. राग आहे साहेबांचा. असणारच.

स्वतःला विचारलं — यांना भीती माझी आहे की पदाची? मग लक्षात आलं, भीती असलेल्या माणसाला हा फरक फारसा उपयोगाचा नाही.

३१ जानेवारी, शुक्रवार

मोठ्या बाई नाराज. तीन शुक्रवार मी प्रत्येक रकान्यात 'प्रसन्न' लिहिलं. "संस्थेला आव्हानंही दिसायला हवीत हो. सगळंच प्रसन्न असेल तर तुमचं पद कशाला?" मुद्दा बिनतोड आहे.

म्हणून आज मागच्या जिन्याने वर चढले. कंपासपेटी पडली नाही. आणि जिन्याजवळच्या वर्गातून आवाज — असा की मी कठडाच धरला! "बोला! मोठ्याने बोला! बोला म्हणते ना!" नववी ब, गणिताचा तास. दाराच्या फटीतून बघितलं. गणितवाली लाल झालेली, टेबलावर हात आपटत होती. मुलं मात्र गप्प, ताठ बसलेली. ओठ तेवढे हलत होते. घाबरून पुटपुटत असावीत बिचारी.

कक्षात येऊन बराच वेळ कागदासमोर बसले. तिला मी ओळखते. ती कडक आहे, पण असं कधी ओरडत नाही. मग हे लिहायचं नाही का? माझी मैत्रीण म्हणून गाळायचं, आणि पीटीच्या सरांचं असतं तर लिहायचं? हा कसला थर्मामीटर?

लिहिलं — 'जिन्याजवळ, तिसरा तास: तणावपूर्ण. शिक्षकाचा आवाज चढलेला. विद्यार्थी शांत, शिस्तबद्ध.' नाव नाही. नाव मी कधीच लिहिणार नाही, हा माझा नियम.

सही करताना हात अडला. का अडला ते तपासायला हवं होतं. सही केली.

३ फेब्रुवारी, सोमवार

मोठ्या बाईंनी अहवाल सूचनाफलकावर लावला! 'पारदर्शकता' म्हणे. फलकावर त्याच्या शेजारीच वेळापत्रक. सगळे आधी हे वाचत होते, मग एक पाऊल सरकून ते.

मी धावत गणितवालीकडे. "अगं, मी नाव नव्हतं लिहिलं!"

"जिना दिलास, तास दिलास. काढायचं काय राहिलं?"

संपलं. वही ओढून तपासायला लागली. मी उभीच.

दुपारी मोठ्या बाईंचा आदेश: संबंधित शिक्षिकेने उद्या संवाद कक्षात सत्र घ्यावं. माझ्याकडून! "मैत्रीण आहे ना तुमची? मग तर छान मोकळ्या होतील."

४ फेब्रुवारी, मंगळवार

ती वेळेवर आली. दारावर टकटक केली. टकटक! ज्या खोलीत ती सतरा वर्षं पायाने दार ढकलून यायची.

"आत येऊ का मॅडम?"

"अगं, असं काय करतेस, ये ना."

उशीवर बसली नाही. खुर्ची घेतली, तीही तिरकी करून, एक खांदा माझ्याकडे करून बसली. समोरासमोर बसायचंही नव्हतं तिला.

फॉर्म भरायचाच होता. मी पहिला प्रश्न वाचला, "त्या वेळी तुम्हाला काय जाणवलं?"

"मला असं जाणवलं मॅडम, की माझ्या आवाजाने जिन्याचं मन दुखावलं असावं."

"असं नको ना करूस."

"मी जिन्याची माफी मागायला तयार आहे. लेखी हवी असेल तर लेखी."

"पुढच्या वेळी तुम्ही काय वेगळं कराल?"

"आधी खोल श्वास घेईन. मग मुलांना विचारीन, मला असं ऐकू येतंय का, की तुम्हाला वर्गमूळ नकोसं वाटतंय? मग आम्ही सगळे मिळून वर्गमूळाला समजून घेऊ."

चेहरा दगडासारखा. मला हसू येत होतं आणि रडू येत होतं, आणि टिश्यूचा डबा आम्हा दोघींच्या मधे. एकीनेही हात लावला नाही.

मी फॉर्म खाली ठेवला. म्हटलं, "का ओरडलीस? खरं सांग. तू अशी नाहीस."

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. मग कोपऱ्यातल्या कुंडीकडे, जिथे साहेब उभे असायचे.

"ते इथे असते तर सांगितलं असतं," म्हणाली. आणि उठली.

शेवटी सही. 'संवाद यशस्वी झाला: पूर्णतः / अंशतः.' तिसरा पर्यायच नाही! मी 'पूर्णतः'वर खूण केली. तिला अजून काही ऐकून घ्यावं लागू नये म्हणून. की मला? कोण जाणे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

मोठ्या बाई खूश. "आदर्श सत्र! उत्तरं बघा त्यांची. वर्गमूळाला समजून घेऊ — किती सुंदर!" संस्थेला पाठवणार आहेत.

शिक्षकखोलीत शिरले तर पीटीचे सर कुणाला तरी म्हणाले, "तोंड उघड, थर्मामीटर आलाय." सगळे हसले. गणितवाली हसली नाही. ती माझ्याकडे पाठ करून बसली होती. तिने ऐकलंच नाही असं दाखवलं. ते हसण्यापेक्षा जास्त लागलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

मधल्या सुट्टीत शिक्षकखोली रिकामी! आणि मामा किटली घेऊन प्रयोगशाळेकडे. प्रयोगशाळेत किटली कशाला?

कळलं. लगेच कळलं. साहेबांच्या नव्या ऑफिसात गर्दी होती.

जावं की नाही? थर्मामीटरने जाऊ नये. मी जावं का?

१२ फेब्रुवारी, बुधवार

गेले.

प्रयोगशाळेच्या मागची अडगळ. फुटक्या परीक्षानळ्या, मोडका तराजू, आणि मधोमध साहेब, खिळ्याला अडकवलेले. पीटीचे सर, तात्पुरती भूगोलाची मुलगी, गणितवाली. मी दारात दिसले. सरांनी चक्क हात मागे बांधले.

मी कुणाकडे बघितलं नाही. पालथी बादली होती, तिच्यावर बसले.

"साहेब," म्हटलं, "मी तुमची बदली केली. मला विचारलं, खोली कुठली, मी सांगितली. खरं बोलण्याची मला सवय आहे आणि त्या सवयीचा मला फार अभिमान आहे. मी माझ्या मैत्रिणीचा तास लिहिला. नाव लिहिलं नाही म्हणून स्वतःची पाठ थोपटली. साहेब, लोक माझ्यासाठी उठून उभे राहतात ना, ते मला पहिल्या आठवड्यात आवडलं होतं. आता मला कुणी शिव्याही देत नाही. एवढंच."

सगळे कपात बघत होते. "जाऊ दे" नाही, "होतं असं" नाही. मला वाटलं, घालवून देताहेत. मग कळलं — नियम पाळताहेत! माझ्यासाठी नियम पाळताहेत! मामांनी एक कप माझ्या हातात दिला. कुठे ठेवू, असं विचारलं नाही.

मी "येते साहेब" म्हणून उठणार तर गणितवाली बोलायला लागली. साहेबांकडे बघून.

"साहेब, माझा डावा कान गेला. गेल्या वर्षीच. उजवाही निम्मा राहिलाय, डॉक्टर म्हणतात तोही टिकायचा नाही. तोंडं वाचून चालवते. पोरांना कळलंय. त्या दिवशी नववी ब ने ठरवून नुसते ओठ हलवले. अख्खा वर्ग, साहेब! मी उत्तर विचारतेय, सगळ्यांची तोंडं हलताहेत आणि मला काही नाही. काहीच नाही. मला वाटलं उजवाही गेला. आत्ता, इथेच, उभ्या उभ्या गेला. म्हणून ओरडले. माझा आवाज तरी मला येतो का ते बघायला. मग मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. ते ऐकू आलं, साहेब! इतकं बरं वाटलं, की मी आणखी ओरडले."

पीटीचे सर कपात बघत होते. कप रिकामा होता.

"येते साहेब," म्हणाली आणि तासाला गेली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

'विद्यार्थी शांत, शिस्तबद्ध.' माझं अक्षर. माझी सही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

चार दिवस डोक्यात एकच. नववी ब ला मी काय करणार? काही केलं तर कारण सांगावं लागेल. कारण सांगितलं तर तिचं बाहेर येईल. कान गेलेल्या गणिताच्या बाईला संस्था एक सत्कार देईल, हार देईल आणि घरी पाठवेल. तिची नोकरी जाईल ती 'सहानुभूतिपूर्वक'!

बाहेर विषय काढता येत नाही. म्हणून आज पुन्हा साहेबांकडे.

"साहेब," म्हटलं, "एक पद रिकामं होणार आहे. फिकट हिरवी खोली आहे. तिथे एका वेळी एकच माणूस बोलतो. दार लागतं, पंख्याचा आवाज नाही, समोरच्याचं तोंड नीट दिसतं. पगार तोच. वह्या नाहीत."

सगळे कपात. मग डावीकडून —

"साहेब, समजा ते कुणी घेतलं, तर त्या बाईला तास सोडावे लागतील का?"

"लागतील, साहेब."

"फळासुद्धा?"

"फळासुद्धा, साहेब."

गणितवालीच्या बोटांना खडू लागलेला होता, तो ती अंगठ्याने पुसत होती.

"तासच मला सोडून चाललेत, साहेब. मी काय सोडणार?"

पीटीचे सर खाकरले. "साहेब," म्हणाले, "माझा चहा गार झाला." आणि तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत राहिले. अडगळीला खिडकी नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

लेखी दिलं. 'मला भूगोल परत मिळावा.' मोठ्या बाईंना धक्का. "एवढं छान चाललं होतं! आता कोण करणार? बाहेरून त्या प्रशिक्षकांनाच बोलवावं लागेल."

मी गणितवालीचं नाव सांगितलं.

"त्या? त्या तर ओरडतात!"

"सत्र आदर्श झालं, तुम्हीच म्हणालात. संस्थेला पाठवलंत."

विचारात पडल्या. "पण ऐकून घेण्याचा गुण आहे का त्यांच्यात? या पदाला तोच हवा."

म्हटलं, "त्या समोरच्याकडे फार लक्ष देऊन बघतात. एक शब्द सुटू देत नाहीत."

प्रत्येक शब्द खरा. आणि इतकं अर्धवट मी जन्मात बोलले नव्हते. घरी येईपर्यंत वाट बघत होते, आता मनाला टोचणी लागेल, मग लागेल. लागली नाही. हे तपासायला हवं. नंतर कधीतरी.

३ मार्च, सोमवार

मस्टरच्या पहिल्या पानावर सही! 'इतर'मध्ये आता ती. म्हणाली, "टाकी धुणाऱ्याची सही बघितलीस? काय वळण आहे!"

तिने पद घेताना एकच अट घातली — सांगाडा कक्षात हवा. मोठ्या बाईंना सांगितलं, मन आणि शरीर यांचं नातं दाखवायला. मोठ्या बाईंनी ते वाक्य लिहून घेतलं. कुंडी ऑफिसात गेली, साहेब परत आपल्या कोपऱ्यात. मधल्या सुट्टीत कक्ष भरलेला. उशांवर कुणी बसत नाही, खोकं परत आणलंय. दारावरची पाटी तशीच.

तिने कानाचं यंत्र घेतलंय, केसांआड दिसत नाही. पण फेरीवर लावत नाही. म्हणते, माझ्याच चपलांचा आवाज फार येतो.

नव्या वेळापत्रकात मला तिचा जिन्याजवळचा वर्ग मिळालाय. नववी ब. तिसरा तास.

७ मार्च, शुक्रवार

ओरडले. व्यापारी वारे कुठून कुठे वाहतात, एकाला सांगता येईना, आणि मागच्या बाकावर कुणीतरी गंमत म्हणून नुसते ओठ हलवले — झालं! टेबलावर हात आपटले, पट्टी मोडली, शेजारच्या वर्गाने शिकवणं थांबवलं. मला जे जे म्हणायचं होतं ते सगळं म्हटलं. नेमकी तेव्हाच ती दारावरून गेली, हातात कागद. थांबली. माझ्याकडे बघितलं. पुढे गेली.

संध्याकाळी तिचा पहिला अहवाल फलकावर. 'जिन्याजवळ, तिसरा तास: शांत. प्रसन्न.'

गणितवालीचं पहिलं चुकलेलं उत्तर. मुद्दाम चुकवलं, की तिला ऐकूच आलं नाही?

विचारणार नाही.